काटे पडतात ते नेमके कधी

गाडीचं मीटर कायमचं बंद पडलं, तर माणूस त्याच्यावर विसंबणंच सोडतो. टाकी भरल्याची नोंद ठेवतो, वेगाचा अंदाज इंजिनच्या आवाजावरून बांधतो आणि दुरुस्ती होईपर्यंत लांबच्या प्रवासाला ती गाडी काढत नाही. अधूनमधून बंद पडणारं मीटर असं काहीच ठरवू देत नाही. बरेच दिवस ते बिनतक्रार चालतं, आपण निर्धास्त होतो, आणि एखाद्या सकाळी वेग, आरपीएम, पेट्रोल, टेंपरेचर असे सगळे काटे एका दमात खाली येतात. इंजिन चालू, गाडी पळतेय, आणि समोरची तबकडी मात्र किल्ली काढल्यासारखी. टेंपरेचरचा काटा तळाला आहे म्हणजे इंजिन थंड आहे की काटाच गप्प झालाय, हे त्या घटकेला कळायला मार्ग नसतो. नंतर काटे आपोआप वर आले तरी ते खरं सांगताहेत याची खात्री उरत नाही. रस्त्यावरची नजर पुन्हा पुन्हा काट्यांकडे वळते, आणि मला यातलं सगळ्यात जास्त हेच खटकतं.

माझी गाडी जुनी आहे आणि मला ती अजून बरीच वर्षं चालवायची आहे. त्यामुळे हे दुखणं सुरू झालं आणि ‘पूर्ण मीटरच बदलून टाका’ असा सल्ला मिळाला, तेव्हा तो पटेना. सल्ला देणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. त्याच्यासमोर गाडी उभी केली की मीटर व्यवस्थित चालायचं. दवाखान्याच्या पायरीवर पोचेपर्यंत ताप उतरावा तसं. जो बिघाड दिसतच नाही तो शोधायला त्याने दिवसभर गाडी अडवून का ठेवावी? त्याच्याकडे गाडी तासभर असते, माझ्याकडे रोज असते. हे लक्षात आलं तेव्हा मला वाटलं, की असा लपंडाव खेळणारा बिघाड शोधण्याचं निम्मं काम गाडी चालवणाऱ्याचंच आहे. हत्यारं त्याच्याकडे कमी असतील, पण वेळ आणि सहवास त्याच्याकडेच आहे.

शिवाय मीटर बदलणं दिसतं तितकं सरळ नसतं. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये गाडी किती किलोमीटर चालली तो आकडा बहुधा मीटरच्याच बोर्डावरच्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये राहतो. दुसऱ्या गाडीतून काढलेलं मीटर बसवलं की त्या गाडीचे किलोमीटर आपल्या गाडीच्या नावावर येतात, आणि पुढे कधी गाडी विकायची झाली तर तो आकडा खोटा ठरतो. काही गाड्यांत किल्ली ओळखणारी इमोबिलायझरची यंत्रणासुद्धा मीटरशी जोडलेली असते. तिथे मीटर बदललं आणि नव्याने जुळवून घेतलं नाही, तर इंजिनच चालू होत नाही. आणि समजा हे सगळं निभावलं, तरी जुन्या गाडीतलं दुसरं मीटरही तितकंच जुनं. ज्या कारणाने माझं बिघडलं, ते कारण त्याच्याही पोटात असणारच.

म्हणून मी एक वही गाडीत ठेवली आणि काटे पडले की गाडी बाजूला घेऊन लिहायला लागलो. काय बिघडलंय हा प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवला. कधी बिघडतं, तेवढंच लिहायचं. थंडी होती का, गाडी नुकतीच सुरू केली होती का, दिवे चालू होते का, रस्ता कसा होता, वळण होतं की खड्डा. या नोंदी लिहिताना कंटाळवाण्या वाटतात, पण चार ओळी जमल्या की त्या आपसांत बोलायला लागतात. माझ्या वहीत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येत होत्या. एक, हे सकाळी, गाडी थंड असतानाच व्हायचं. आतली हवा तापली की दिवसभर तक्रार नाही. दुसरी, काटे पडायला किंवा परत उठायला बहुतेक वेळा एखादा खड्डा निमित्त व्हायचा. थंडीत उघडणारं, उबेत मिटणारं आणि हादऱ्याने बदलणारं काहीतरी, म्हणजे कुठेतरी जोड सुटतोय. पण गाडीत जोड शेकड्यांनी असतात.

इथे काटे *कसे* पडतात ते नीट बघण्याचा उपयोग झाला, आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

वेगाचा काटा पूर्वी विजेवर चालतच नव्हता. ओटो शुल्त्से यांनी १९०२ साली पेटंट घेतलेल्या रचनेत गिअरबॉक्सकडून येणारी केबल एक लोहचुंबक फिरवते. त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची छोटी वाटी असते, फिरत्या चुंबकामुळे तिच्यात विजेचे भोवऱ्यासारखे गोल फिरणारे प्रवाह तयार होतात आणि ती ओढली जाते, एक बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. दोघांच्या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. ही रचना कित्येक दशकं टिकली. तिच्यात बिघाड झाला तर काटा थरथरतो, कारण केबल कोरडी पडलेली असते किंवा कुठेतरी दुमडलेली असते. तिथे फ्यूज तपासून काही हाती लागत नाही.

नंतरच्या गाड्यांत काट्यामागे छोटी स्टेपर मोटर आली. मीटरमधला प्रोसेसर तिला एकेक पाऊल पुढे-मागे टाकायला सांगतो. या मोटरची एक खोड शोधकामात फार उपयोगी पडते. तिचा वीजपुरवठा अचानक तुटला, तर बहुतेकदा काटा आहे तिथेच अडकून राहतो, कारण त्याला खाली न्यायलासुद्धा वीज लागते. माझे काटे मात्र अडकत नव्हते. ते सगळे मिळून, सावकाश, आपण किल्ली बंद केल्यावर जसे शून्यावर येतात तसे येत होते. म्हणजे त्यांना कोणीतरी खाली आणत होतं. प्रोसेसर जिवंत होता.

वायरिंगचा नकाशा काढून बघितला. अशा मीटरला बहुधा दोन ठिकाणांहून वीज येते. एक वायर थेट बॅटरीकडून, कायम चालू. दुसरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, इग्निशनची. पहिलीमुळे मीटरचं डोकं जागं राहतं, दुसरीवरून त्याला कळतं की गाडी चालू आहे. माझ्या मीटरला दुसऱ्या वायरचा निरोप मधूनच मिळेनासा होत होता. त्याची समजूत व्हायची की किल्ली बंद झाली, आणि मग ते इमानेइतबारे काटे शून्यावर नेऊन ठेवायचा. मीटर खोटं बोलत नव्हतं, त्याला मिळणारी बातमीच अर्धवट होती. हे उमगलं त्या दिवशी मला त्या यंत्राबद्दल मनापासून आपुलकी वाटली.

त्याच नकाशात आणखी एक गोष्ट सापडली. माझ्या गाडीत मीटरची इग्निशनची वायर ज्या फ्यूजवरून येते, त्याच फ्यूजवरून रिव्हर्सच्या दिव्यालाही वीज जाते. मग काटे पडल्यावर गाडी एका बाजूला उभी केली, इंजिन चालूच ठेवलं, ब्रेक आणि क्लच दाबून रिव्हर्स गिअर टाकला. मागच्या भिंतीवर उजेड पडला. फ्यूज शाबूत, आणि किल्लीमागचा इग्निशन स्विचही शाबूत, कारण या दिव्याची वीज त्या दोघांतूनच येत होती. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-ओहम मोजायचं यंत्र, हातात न घेता निम्मी गाडी संशयातून सुटली.

ज्यांच्या गाडीत सगळे काटे पडत नाहीत, एखाद-दुसराच पडतो, त्यांचा शोध वेगळ्या वाटेने जातो. एकच काटा वेडावाकडा चालला तर आधी त्याचा सेन्सर आणि त्याची वायर बघावी. फार जुन्या गाड्यांत पेट्रोल आणि टेंपरेचर हे दोनच काटे एकदम वर चढले, तर दोघांना मिळून वीज देणारा व्होल्टेज स्टॅबिलायझर बघावा. तो चालू-बंद होत सरासरी १० व्होल्टच्या आसपास वीज देतो, आणि त्याचं अर्थिंग गेलं की बॅटरीचा पूर्ण दाब काट्यांवर येतो. बॅटरीच्या चित्राच्या लाल दिव्याकडे तर अनेकजण लक्षच देत नाहीत. पुष्कळ जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह त्या दिव्यातूनच मिळतो. बल्ब उडाला तर अल्टरनेटर चार्ज करायलाच लागत नाही, असं होऊ शकतं. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, तो दिवा आणि ऑइलचा दिवा लागतोय ना, एवढं रोज बघावं. ऑइलचा दिवा तेव्हा लागला नाही तर पुढे खरंच प्रेशर गेल्यावरही तो लागणार नाही.

नव्या गाड्यांत मीटरला प्रत्येक सेन्सरची वेगळी वायर येत नाही. बहुतेक बातमी कॅन बसच्या दोन पिळलेल्या तारांवरून येते. बॉशने १९८६ साली जगासमोर मांडलेली ही पद्धत. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून बॅटरी सोडवून दोन तारांमध्ये मोजलं तर ६० ओहमच्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एका टोकाशी संपर्क तुटलाय. माझ्या गाडीला याची गरज पडली नाही, पण तिला ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरकडची माहिती वाचायचा, सोळा पिनांचा सॉकेट आहे. शोध चालू होता तोवर मी तिथे स्कॅनर लावून ठेवायचो. इंजिनचं टेंपरेचर आणि वेग त्यावर नीट दिसत राहायचे, काटे खाली असले तरीही. जिवाला केवढा आधार वाटायचा! सेन्सर बरोबर आहेत हेही त्यातून कळलं.

आता अर्थिंग. जुन्या गाडीत काहीही अधूनमधून बिघडलं की पहिलं बोट अर्थिंगकडे जातं आणि ते बरोबरच आहे. पण ते तपासण्याची जी पद्धत सर्रास दिसते ती मला अजिबात मान्य नाही. मल्टिमीटर ओहमवर ठेवायचा, एक टोक मीटरच्या काळ्या वायरला, दुसरं बॉडीला, ‘बीप’ वाजलं की अर्थिंग ओके. वायरच्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असेल तरी बीप वाजतं, कारण मल्टिमीटर ओहम मोजताना अगदी नगण्य प्रवाह सोडतो आणि तेवढा एका तारेतूनही जातो. खरा भार आला की तीच तार हात टेकते. म्हणून गाडी चालू ठेवायची, दिवे लावायचे, आणि मग मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून मीटरची अर्थची वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये मोजायचं. आदर्श स्थितीत काहीच यायला नको. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर चिंता नाही. अर्धा-एक व्होल्ट आला तर वाटेत कुठेतरी गंज, सैल स्क्रू किंवा तुटकी तार आहे. अर्ध्या ओहमचा अडथळासुद्धा ४ अँपिअर वाहायला लागले की २ व्होल्ट गिळतो. माझ्या गाडीचं अर्थिंग स्वच्छ निघालं, आणि ते अपेक्षितही होतं: काटे पडले तरी तबकडीमागचा उजेड मंद होत नव्हता, आणि नकाशाप्रमाणे दोघांचं अर्थिंग एकच.

एक सवय या काळात कटाक्षाने टाळावी लागते, ती म्हणजे डॅशबोर्डवर थाप मारणं. थाप मारली की काटे उठतात, बरं वाटतं, आणि पुरावा जातो. सुटलेला जोड ज्या अवस्थेत असताना मोजता आला असता ती अवस्थाच आपण मोडतो. कपलर, म्हणजे मीटरच्या मागे वायर जोडणारा प्लग, काढून पुन्हा घट्ट बसवण्याचंही तसंच आहे. पिनांवर बसलेला ऑक्साइडचा थर त्या घासण्याने निघतो, गाडी काही आठवडे छान चालते, आणि खरं कारण काय होतं ते कळायचं राहून जातं. काटे पडलेले असताना गाडीला हात न लावता आधी मोजायचं, यासाठी बराच संयम लागतो.

त्यासाठी मी मीटरच्या कपलरच्या मागून, इग्निशनच्या वायरच्या कडेने बारीक पिन सरकवून एक वायर बाहेर आणून ठेवली होती. एका थंड सकाळी काटे पडले. मल्टिमीटरवर १४.१ व्होल्ट. म्हणजे वीज कपलरच्या दारापर्यंत येत होती आणि दाराच्या आत पोचत नव्हती. आता मीटर काढायला कारण होतं. बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवलं, एअरबॅगसाठी पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबलो आणि मगच स्टिअरिंगच्या आसपासच्या भागाला हात घातला.

टेबलावर घेतल्यावर मीटर फार लहान दिसतं. मागचं कव्हर काढलं की हिरवा बोर्ड, त्यावर कपलरच्या पिनांची ओळ, आणि प्रत्येक पिनेभोवती सोल्डरचा, म्हणजे वितळवून जोड देणाऱ्या धातूचा, छोटा चकचकीत डोंगर. काट्यांना धरून ओढायचं नाही, एवढं मात्र सांभाळावं. काटा उपसला तर त्याची जागा पुन्हा जुळवणं हे वेगळंच काम होऊन बसतं. भिंग आणि टॉर्च घेतला. सरळ उजेडात सगळे डोंगर सारखेच दिसले. टॉर्च आडवा धरून बोर्ड हळूहळू फिरवला, तेव्हा इग्निशनच्या पिनेभोवती एक काळी, केसाएवढी रेघ दिसली. पिनेभोवती जवळजवळ पूर्ण गोल. डोंगर जागच्या जागी होता, पिन जागच्या जागी होती, आणि दोघांच्या मध्ये ही रेघ.

रेघ दिसली म्हणून लगेच सोल्डरिंग आयर्न तापवायचं नाही. माझं सगळ्यात ठाम मत इथेच आहे. दिसलेला दोष हाच आपला दोष कशावरून? जो बिघाड आपण मनात आणू तेव्हा आणू शकतो आणि मनात आणू तेव्हा घालवू शकतो, तोच सापडलेला बिघाड. नाहीतर सोल्डर करून मीटर परत बसवणार, ते चालणार, आणि ते सोल्डरमुळे चाललं की नुसत्या काढघालीमुळे, हे कधीच कळणार नाही. म्हणून टेबलावरच १२ व्होल्टचा पुरवठा जोडला: कायमची वायर, इग्निशनची वायर, अर्थ, आणि मध्ये छोटा फ्यूज. काटे जागे झाले. मग प्लॅस्टिकच्या काडीने ती पिन एका बाजूला किंचित दाबली. काटे तेच, तसेच, सावकाश शून्यावर. काडी उचलली, काटे वर. शेजारच्या पिना दाबून बघितल्या, काही फरक नाही. परत त्याच पिनेवर काडी ठेवली आणि काटे खाली. इतके दिवस माझ्या हातात नसलेली गोष्ट आता काडीच्या टोकावर होती. मी ते गरज नसताना आणखी काही वेळ करत बसलो.

ही रेघ पडते कशी, ते समजून घेण्यासारखं आहे. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो, रात्री तोच गारठतो. काचेचे तंतू आणि इपॉक्सी राळ यांचा हा बोर्ड जाडीच्या दिशेने धातूच्या पिनेपेक्षा बराच जास्त फुगतो आणि आकसतो. दोघांना धरून ठेवण्याचं काम सोल्डरचं. जुनं कथिल-शिशाचं सोल्डर, ६३ भाग कथिल आणि ३७ भाग शिसं, १८३ अंशांना वितळतं. निरपेक्ष मापात ते ४५६ केल्विन होतात, आणि आपल्या खोलीचं तापमान साधारण ३०० केल्विन. म्हणजे हे सोल्डर एरवीही त्याच्या वितळबिंदूच्या दोन तृतीयांश उष्णतेत जगत असतं, भार आला की हळूहळू सरकतं, रोजच्या ताणाने थकतं. त्यात कपलरला लटकलेल्या वायरच्या जुडग्याचं ओझं आणि खड्ड्यांचे हादरे. ज्या पिनेतून इतरांपेक्षा जास्त प्रवाह जातो, ती जास्त तापते आणि बहुधा आधी दमते. एवढी वर्षं तो जोड टिकला याचंच मला कौतुक वाटतं.

दुरुस्ती स्वतः फारशी लांबलचक नाही. जुनं सोल्डर तांब्याच्या जाळीने शोषून काढलं, पिन आणि तिच्याभोवतीचं तांबं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, सोल्डर नीट धरावं म्हणून फ्लक्स लावला आणि ताजं सोल्डर भरलं. जुन्यावरच नुसतं सोल्डरिंग आयर्न टेकवून वितळवलं तर चमक येते, पण आतला मळ तसाच राहतो. त्या ओळीतल्या बाकीच्या पिनांचंही सोल्डर बदललं. त्यांनीही तितकेच उन्हाळे पाहिलेत. नंतर काडीने दाबून बघितलं, काटे ढिम्म. बोर्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये गार केला, बाहेर काढून दव सुकू दिलं, गार असतानाच वीज जोडून पुन्हा दाबला. काटे ढिम्म. मग हेअर ड्रायरने कोमट करत दाबला. मगच कव्हर लावलं. गाडीत बसवताना वायरचं जुडगं कपलरला ओढणार नाही अशा बेताने वर बांधून टाकलं.

थंडी सरेपर्यंत वही गाडीत ठेवली होती आणि त्या रकान्यात नवीन नोंद झाली नाही. दुसऱ्या एका रकान्यात मात्र होते आहे. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की एकटा पेट्रोलचा काटा अधूनमधून उडी मारतो, बाकीचे शांत असतात, थंडी असो वा ऊन. हे मीटरचं लक्षण दिसत नाही. टाकीतल्या फ्लोटचा हात ज्या रेझिस्टरच्या पट्टीवरून सरकतो, ती पट्टी तेवढ्याच जागेत झिजली असावी. पुढच्या वेळी टाकी जवळजवळ रिकामी झाली की सेंडर, म्हणजे फ्लोट आणि पट्टीचा हा अख्खा भाग, बाहेर काढायचा, त्याच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावायचा आणि फ्लोट हाताने हळूहळू खाली नेत नेत बघायचं, आकडा कुठे उडी घेतो ते.